पदराचा शेक

लहानपणी खेळताना कुणाचे कोपर डोळ्याला लागले किंवा डोळ्यात कुसळ गेले, की आई फारशी चौकशी करत नसे. पदराचे टोक चुरगळून त्याचा बोळा करायची, तोंडाशी धरून त्यात दोन-तीनदा ऊन श्वास सोडायची आणि तो बोळा माझ्या मिटलेल्या डोळ्यावर टेकवायची. पदराला चुलीच्या धुराचा आणि खोबरेलाचा वास यायचा. बोळा निवला की पुन्हा श्वास, पुन्हा डोळा. चार-पाच वेळा असे झाले की "जा आता" म्हणायची आणि आम्ही परत अंगणात. मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांना हा शेक आठवत असेल. त्याला औषध म्हणावे की माया, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडत नसे.

आज ही आठवण काढायला कारण घडले. मी सरकारी कचेरीत कारकून. नोकरीला लागलो तेव्हा टेबलावर फायलींचे गठ्ठे असायचे, आता फाइलसुद्धा पडद्यावरच उघडते. दिवसाचे सात-आठ तास त्या उजेडाकडे बघण्यात जातात. गेल्या वर्षी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापण्या उलटून पाहिल्या आणि सांगितले, अश्रू कमी नाहीत, त्यांच्यावर जो तेलाचा पातळ थर असायला हवा तो नीट नाही. पापण्यांना रोज शेक द्या. शेक किती ऊन आणि किती वेळ, तेही त्यांनी सांगितले असणार. मी मात्र "शेक" एवढाच शब्द घेऊन घरी आलो. तव्यावर खडे मीठ परतले, फडक्यात बांधले आणि कमरेला देतात तसा डोळ्यांना शेक दिला. दुसऱ्या दिवशी उजवी पापणी लालबुंद, आणि आठवड्याभरात तिची साल निघाली. चूक सर्वस्वी माझी.

त्याच सुमारास सौ.ने एक डबा मागवला. आत डोळ्यांवर बांधायच्या उबदार पट्ट्या. पाकीट फोडले की पट्टी आपोआप गरम होते. डब्यावर वर लिहिले होते, थकवा जाईल. आणि खाली त्याहून ठळक अक्षरांत, डोळ्यांभोवतीची त्वचा पुन्हा तरुण दिसेल. चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही भूल पडावी असाच मजकूर. (पुरुष कबूल करत नाहीत एवढेच.) "तुमच्या मिठापेक्षा हे बरे," असे म्हणून तिने पट्टी डोळ्यांवर घेतली. त्यावर मजपाशी उत्तर नव्हते. पण मनात प्रश्न राहिला. ज्या उष्णतेने माझ्या पापणीची साल निघाली, तीच उष्णता हिच्या सुरकुत्या कशी घालवणार? डॉक्टर मला शेक कशासाठी देत होते आणि तो डबा हिला कशासाठी देत होता?

कला शाखेचा पदवीधर अशा वेळी प्रयोगशाळेत जाऊ शकत नाही. तो इतिहासात जातो. मीही गेलो.

सुरुवात आपल्याकडूनच करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय संपूर्णपणे शेकावर आहे. त्या शास्त्राच्या भाषेत स्वेदनावर. अग्नीच्या मदतीने द्यायचे तेरा प्रकारचे शेक त्यात सांगितले आहेत. पुरचुंडीचा शेक आहे, नळीतून वाफ सोडण्याचा आहे, तापवलेल्या शिळेवर निजवण्याचा आहे. वाळलेले लाकूडसुद्धा तेल आणि शेक यांनी वाकवता येते, मग जिवंत माणसाचे आखडलेले अंग का मोकळे होणार नाही, असा तिथला युक्तिवाद. शेकावर इतका विश्वास असलेला हा ग्रंथ तीन जागी मात्र हात आखडता घेतो. वृषण, हृदय आणि डोळे. या तीन ठिकाणी शेक द्यायचा तर अगदी सौम्य, नाहीतर देऊच नये, असा त्याचा दंडक आहे. आणि सगळ्या अंगाला शेक द्यायचा झाला तर डोळे आधी झाकून घ्यावेत: स्वच्छ कापडाने, गव्हाच्या कणकेच्या गोळ्याने किंवा कमळाच्या पाकळ्यांनी.

हे वाचून मी थोडा वेळ थांबलो. म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथात डोळ्यांवर ठेवायची जी पट्टी येते, ती डोळ्यांना ऊब देण्यासाठी नाहीच! ती ऊब अडवण्यासाठी आहे. सौ.च्या डब्यातली पट्टी नेमकी उलटी.

पुढे वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही हाच सूर आहे. ऊन पाण्याने मानेखालचे अंग धुतले तर बळ वाढते, पण तेच पाणी डोक्यावर घेतले तर केसांचे आणि डोळ्यांचे बळ जाते, असे तो सांगतो. आमची आजी न्हाणीच्या बाहेर उभी राहून "कडत पाणी डोक्यावर घेऊ नको रे" असे ओरडायची. तिने वाग्भट वाचला नव्हता. तिला अक्षरओळखही नव्हती. पण कुठून तरी ते वाक्य वाहत वाहत तिच्या न्हाणीपर्यंत आले होते.

मग डोळ्याला शेक देतच नव्हते का? देत होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग मोजले आहेत, त्यांतले २१ एकट्या पापणीचे. त्यांत अंजननामिका नावाचा एक आहे. आपण ज्याला रांजणवाडी म्हणतो तीच ही. तिला आधी शेकावे, मग फोडून पिळून काढावे, असा क्रम सुश्रुत देतो. त्याच ग्रंथात तर्पण नावाचा उपचार आहे, आजही आयुर्वेदाचे वैद्य तो करतात. डोळ्याभोवती उडदाच्या पिठाचे आळे करायचे आणि त्यात कोमट तूप भरायचे. तूप थेट विस्तवावर तापवायचे नाही, ऊन पाण्यात भांडे ठेवून पातळ करायचे. आणि ते डोळ्यावर किती वेळ ठेवायचे तेही मात्रा मोजून. निरोग्याला वेगळी संख्या, दोषागणिक वेगळी.

उष्णता आहे, पण ती आडून दिलेली, कोमट, आणि मोजलेली.

हे शहाणपण आपलेच असे म्हणायचा मोह होतो, आणि आपल्या लेखांतून तो पुष्कळदा आवरला जात नाही. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या रोमकडे बघा. सेल्सस नावाच्या लेखकाने लॅटिनमध्ये वैद्यकावर आठ भागांचा ग्रंथ लिहिला. सातव्या भागात पापणीवरच्या पुळीचे वर्णन आहे. जवाच्या दाण्यासारखी दिसते म्हणून ग्रीक लोक तिला जवाचेच नाव देत. उपाय? गरम पाव किंवा पुन्हा पुन्हा ऊन केलेले मेण लावून शेकावे. पण उष्णता फार नको, त्या जागेला सहज सोसेल एवढीच असावी. रोमचा सेल्सस आणि आपला चरक यांची गाठ पडायचे काही कारण नव्हते. तरी दोघांनीही शेकाबरोबर त्याची मर्यादा लिहून ठेवली, कारण दोघांच्याही समोर माणसाची पापणीच होती.

शेकाने बरे वाटते हे या सगळ्यांना ठाऊक होते. का वाटते, ते ठाऊक नव्हते. त्यासाठी १६६६ साल उजाडावे लागले. जर्मनीत हेल्मश्टेट येथे विद्यापीठ होते. तिथल्या हाइनरिश माइबोम या अठ्ठाविशीच्या आसपासच्या वैद्याने एका डॉक्टर मित्राला उद्देशून पत्ररूपाने एक छोटा प्रबंध लिहिला. विषय, पापण्यांतल्या बारीक नळ्यांसारख्या ग्रंथी. आज त्या माइबोमच्याच नावाने ओळखल्या जातात. वरच्या पापणीत साधारण तीस-चाळीस, खालच्या पापणीत वीस-तीस. पापणीच्या कडेला त्यांची तोंडे उघडतात आणि तेथून तेलकट पदार्थ पाझरतो. डोळ्याची उघडझाप झाली की हे तेल अश्रूंवर पसरते आणि अश्रू लगेच सुकून जात नाहीत. तव्यावरच्या पाण्यावर तेलाची साय असावी तसे.

हे तेल घट्ट झाले तर? इथे गोव्यातल्या वाचकाला वेगळे समजवायला नको. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे खोबरेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. मग ती उन्हात ठेवायची किंवा चुलीच्या कडेला. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांना पातळ होते. पापणीतले तेल अंगाच्या उबेच्या आसपास पातळ राहते. पण ग्रंथी बिघडल्या की ते अधिक घट्ट, मेणचट होते आणि त्याला वितळायला थोडी जास्त ऊब लागते. पडद्याकडे टक लावून बसणारा माणूस पापण्या कमी मिटतो, मिटल्या तरी अर्ध्याच मिटतो. म्हणजे तेल बाहेर ढकलणारा पंपही मंदावतो. माझ्या डोळ्यांतली वाळू ती ही.

गंमत म्हणजे माइबोमनंतर तीनशे वर्षे या ग्रंथींकडे फारसे कुणी गंभीरपणे पाहिले नाही. १९८० मध्ये अमेरिकेत कोर्ब आणि हेन्रिकेझ यांनी कॉन्टॅक्ट लेन्स न सोसणाऱ्या लोकांच्या पापण्या तपासून या ग्रंथींच्या बिघाडाला नाव दिले. २०११ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून या विकारावर सविस्तर अहवाल काढला. मधल्या काळात, २००८ मध्ये, शेक नक्की किती आत पोचतो याचे मापन प्रसिद्ध झाले. पापणीच्या आतल्या बाजूला ४० अंश सेल्सिअस उष्णता पोचावी यासाठी वरून ४५ अंशांचे ओले फडके ठेवावे लागले, आणि ते दर दोन मिनिटांनी बदलावे लागले. एकच फडके ठेवून दिले तर ते बघता बघता निवते.

आता हे आकडे नीट बघा. आत चाळीस हवे, म्हणून बाहेर पंचेचाळीस. उष्णता हवी आहे ती ग्रंथीला, पण तिची वाट आहे त्वचेतून. आणि ती त्वचा शरीरातल्या सर्वांत पातळ त्वचेपैकी एक. जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर, खाली चरबीचे अस्तर जवळजवळ नाही, आणि दिवसाला हजारो वेळा दुमडायची. घरात पाहुणा यायचा म्हणून दाराने किती धक्के सोसावेत, असा हा प्रश्न आहे.

म्हणून मी इतिहासाचे दुसरे पान उघडले. उष्णता त्वचेचे काय करते?

इटलीत मोडेना येथे बेर्नार्दिनो रामाझिनी नावाचे डॉक्टर होते. १७०० साली, म्हणजे माइबोम वारला त्याच साली, त्यांनी कामगारांच्या रोगांवर ग्रंथ काढला. त्यात काचेच्या भट्टीवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांविषयी लिहिले आहे. वितळलेल्या काचेकडे सतत पाहून त्यांचे डोळे पाणावतात आणि अधू होतात, असे त्यांचे निरीक्षण. पुढे अशा कामगारांत वर्षानुवर्षांच्या धगीने होणारा मोतीबिंदू वैद्यकाने मान्य केला.

भारतातलेच उदाहरण घ्यायचे तर काश्मीरचे. तिथे हिवाळ्यात लोक फेरनच्या आत कांगडी बाळगतात, निखाऱ्यांचे वेताने विणलेले मडके. पोट आणि मांड्या यांना ती धग वर्षानुवर्षे लागते. एल्मस्ली या मिशनरी डॉक्टरने १८६६ मध्ये या भागावर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाविषयी लिहिले. पुढे त्याला कांगडीचेच नाव पडले. त्याची पहिली पायरी म्हणजे त्वचेवर उमटणारी लालसर-तपकिरी जाळी. तशीच जाळी इंग्लंडात शेगडीपुढे पाय शेकत बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या नडग्यांवर दिसायची, आणि २००४ मध्ये ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणाऱ्याच्या मांडीवर दिसल्याची नोंद झाली. भाजण्याइतकी उष्णता नव्हती यांपैकी एकातही. रोज, थोडी, पुष्कळ वर्षे. एवढे पुरे होते.

भाजण्याचेही गणित मांडले गेले आहे. १९४७ साली हार्वर्डच्या मोरित्झ आणि हेन्रिक्स यांनी दाखवले की ४४ अंशांना त्वचा भाजायला सुमारे सहा तास लागतात. ६० अंशांना पाचेक सेकंद. मधला प्रत्येक अंश हा वेळ झपाट्याने घटवतो. माझे तव्यावरचे मीठ कुठल्या आकड्याला होते कोण जाणे. मी मोजले नव्हते, हाच तर मुद्दा.

आणि वार्धक्य? त्वचा म्हातारी करणारा मुख्य गुन्हेगार ऊन, त्यातले अतिनील किरण, हे आता सर्वमान्य आहे. पण १९८२ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन क्लिगमन यांनी गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगात दिसले की अतिनील किरणांच्या जोडीला अवरक्त किरण, म्हणजे धग देणारे किरण, दिले तर त्वचेच्या आतल्या तंतूंचा बिघाड वाढतो. २००० नंतरच्या दशकात दक्षिण कोरियात सोल येथील संशोधकांनी माणसाच्या त्वचेवर पाहिले, की उष्णतेने कोलॅजेन तोडणारी द्रव्ये वाढतात. कोलॅजेन म्हणजे त्वचा ताठ ठेवणारी प्रथिने. ती तुटली की सुरकुती.

इथे मला आई आठवली. लग्न होऊन आली तेव्हापासून पंचवीस वर्षे ती चुलीपुढे बसली. सकाळी पेज, दुपारी भात-हुमण, संध्याकाळी पुन्हा चूल. शिवाय भात उकडायचे दिवस आले की अंगणात मोठ्या भांड्याखालचा जाळ. फुंकणीने फुंकायची तेव्हा तोंड जाळापासून हातभर. घरात गॅस आला तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती, आणि तिच्या डोळ्यांभोवतीची त्वचा तेव्हाच जाळी पडलेल्या पानासारखी झाली होती. आम्ही ते वय समजलो. नुसती धग तेवढी कारणीभूत असे मी म्हणत नाही. धूर होता, शेतातले ऊन होते, अपुरी झोप होती. पण धगही होती, आणि तिचा हिशेब आमच्या घरात कुणी कधी मांडला नाही. आज कुणी मला "उष्णतेने डोळ्यांभोवतीची त्वचा तरुण होते" असे सांगितले, तर मला आधी तो चेहरा दिसतो. उष्णतेने त्वचा तरुण होत असती तर आमच्या सगळ्या आया-आज्या सोळा वर्षांच्या दिसल्या असत्या!

असो. आता त्या डब्याकडे परत येऊ, कारण त्याचाही इतिहास आहे आणि तो वाईट नाही. तो जपानचा आहे. थंडीत ऊब अंगाशी बाळगायची रीत तिथे जुनी. आधी तापवलेले दगड फडक्यात गुंडाळून, नंतर धातूच्या डबीत राख-कोळशाची धुमसती कांडी ठेवून. १९२३ मध्ये मातोबा निइची यांनी प्लॅटिनमच्या मदतीने बेंझिनची ऊब देणारी खिशातली डबी बाजारात आणली. १९७८ मध्ये होकारोन नावाची फेकून द्यायची पुडी आली. तिच्यात विस्तव नाही, इंधन नाही. लोखंडाची बारीक पूड, मीठ, पाणी आणि कोळशाची भुकटी. पुडी फोडली की हवा लागते, लोखंड गंजू लागते आणि गंजताना उष्णता सोडते. एरवी छपराचा पत्रा गंजतो तेव्हाही ती सुटतेच, पण इतकी हळू की हाताला कळत नाही. पुडीत तेच काम काही तासांत उरकते.

(आमच्या डिचोली-सत्तरीच्या खाणींतले खनिज वर्षानुवर्षे जपानला जात होते. ते म्हणजे निसर्गाने आधीच गंजवून ठेवलेले लोखंड. तिकडे त्यातून पुन्हा लोखंड काढायचे, आणि इकडे ही पुडी लोखंडाला पुन्हा गंजवते. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध आहे असे नाही, पण लाल चिखलात वाढलेल्या माणसाला हे फिरते चक्र सुचल्यावाचून राहात नाही.)

२००७ साली काओ या जपानी कंपनीने हीच युक्ती डोळ्यांच्या पट्टीत आणली. गंजणाऱ्या लोखंडाच्या उबेने पट्टीतले पाणी वाफाळते, आणि सुमारे ४० अंशांची ओली ऊब डोळ्यांना मिळते. पुडीतल्या पदार्थांचे माप असे बसवलेले असते की ऊब ठराविक पातळीच्या फार वर जाऊ नये आणि थोड्या वेळाने आपोआप ओसरावी. म्हणजे चरकाची आणि सेल्ससची मर्यादा इथे कापडातच शिवलेली आहे. माझ्या मिठाच्या पुरचुंडीपेक्षा ही पट्टी शहाणी, हे सौ.चे म्हणणे मला मान्य करावे लागले.

मग खोट कुठे आहे? पट्टीत नाही, डब्यावरच्या ठळक ओळीत आहे. मूळ कल्पना थकलेल्या डोळ्यांना ऊब देण्याची. डॉक्टर सांगतात तो शेक ग्रंथीतले तेल वितळण्यासाठी. यांतली कुठलीच गोष्ट सुरकुतीशी संबंधित नाही. उबेने रक्त त्या जागी धावते, त्वचा थोडा वेळ टवटवीत दिसते, आणि तासाभराने जशी होती तशी. रोज दहा मिनिटांच्या चाळीस अंशांनी कुणी म्हातारे होईल असेही मी म्हणणार नाही. ती धग चुलीची नाही, कांगडीचीही नाही. पण "तरुण व्हायचे तर ऊब" असे एकदा मनात बसले की माणूस तिथे थांबत नाही. एक पट्टी संपली की दुसरी लावतो, झोपेतही ठेवतो, निवली म्हणून तीवर गरम टॉवेल ठेवतो. दोन हजार वर्षे शेकाच्या पाठोपाठ जे "पुरे" लिहिलेले असायचे, ते "तरुण" या शब्दाखाली पुसले जाते. खरी भीती तिथे आहे.

तेव्हा डॉक्टरांना पुन्हा भेटून, सगळे नीट विचारून, आमच्या घरात जे ठरले ते सांगतो. मी रोज संध्याकाळी ओल्या, स्वच्छ फडक्याचा शेक घेतो. फडके आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघतो; तिथे चटका वाटला तर डोळ्याला नाही. दहा मिनिटे, घड्याळ लावून. निवले की बदलतो. नंतर डॉक्टरांनी दाखवले तसे बोटाने पापणीच्या कडेकडे हलकेच सारतो. चोळत नाही, कारण ऊन झालेला डोळा दाबणे-रगडणे बुबुळालाही वाईट आणि त्वचेलाही. त्यानंतर साधे, बिनवासाचे मलम, डोळ्याच्या आत जाणार नाही इतके दूर. सौ. आठवड्यातून दोनदा पट्टी लावते, थकवा आला की. एकावेळी एकच, झोपायच्या आधी काढून ठेवते. लेन्स काढून, चेहरा धुऊन, पट्टीखाली कुठलेही क्रीम न लावता. डोळे आलेले असतील, त्वचेवर पुरळ असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून शेक नाही. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी हे आम्ही कटाक्षाने पाळले. मधुमेहाने ज्यांची संवेदना मंदावली आहे त्यांना चटका उशिरा कळतो, त्यांनी दुप्पट जपावे.

आणि सुरकुत्यांसाठी? त्याला उपाय आहे, पण तो विकताना आकर्षक वाटत नाही. ऊन टाळा. दुपारी स्कूटरवरून पर्वरीचा पूल ओलांडताना मोठ्या काचांचा चष्मा, टोपी किंवा छत्री, डोळ्यांच्या जवळ चालेल असे ऊन अडवणारे मलम. डोळे चोळू नका. तंबाखू-सिगारेट सोडा. झोप घ्या. म्हणजे चरकाने कमळाच्या पाकळ्या ठेवल्या त्याच कामासाठी: धग अडवण्यासाठी. त्वचेला झाकणारी पट्टी आणि ग्रंथीला ऊब देणारी पट्टी या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. डब्याने त्या एक करून विकल्या, इतकेच.

परवा आईला हे सगळे सांगत होतो. तिने अर्धे ऐकले. ऐकता ऐकता माझ्या उजव्या पापणीवरचा फिकट डाग तिला दिसला, तो कशाचा म्हणून विचारले, आणि मिठाची गोष्ट ऐकून कपाळाला हात लावला. "डोळ्याला तवा लावतात काय रे कोणी?" मग सवयीने पदराचे टोक उचलले.

त्या शेकाने माझ्या ग्रंथींतले तेल वितळणार नाही, हे मला आता माहीत आहे. पण तिच्या श्वासाला अंगाच्या उबेपेक्षा फार पुढे जाता येत नाही, आणि चार-पाच वेळा फुंकले की तिलाच दम लागतो. किती ऊन आणि किती वेळ, हे दोन्ही त्या पदरातच ठरलेले होते. मी डोळे मिटून घेतले.